फाटकापासून सातवी

एका विधवेला मी सलग तीन वर्षं परक्या माणसाच्या कबरीवर फुलं घेऊन यायला लावलं. वर दर वेळी तिला जेवू घातलं, एसटीत बसवून दिलं आणि घरी येऊन आरशासमोर स्वतःचं कौतुक केलं. हे आधीच सांगून टाकते. माझी नातवंडं मला फार शहाणी समजतात, आणि तो गैरसमज मी जिवंत असताना दूर झालेला बरा.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. या वयाला बाई पोक्त होते असं म्हणतात. माझ्या वाट्याला तो पोक्तपणा काही आला नाही. सव्वीस वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती, आणि आता खुद्द इतिहास माझी वाट बघत बसलाय अशी माझी समजूत झाली होती. यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीला जायचे, येऊन झोपायचे. मुलं आपापल्या संसाराला लागलेली. घरात माझं ऐकणारं कोणी उरलं नाही, तेव्हा मी मेलेल्यांकडे वळले. ते उलट बोलत नाहीत.

नाशिक रोडहून देवळाली कॅम्पाकडे जाताना आतल्या बाजूला एक पडीक आवार होतं. दुसऱ्या महायुद्धात तिथं लष्कराचं इस्पितळ होतं म्हणे. मेलेल्या गोऱ्या सोजिरांना दुसरीकडे आखीव दफनभूमी मिळाली. प्रत्येकाच्या डोक्याशी दगड, त्यावर नाव, हुद्दा, तारीख, आणि गवत कापायला माळी. त्याच इस्पितळात मेलेल्या आपल्या शिपायांपैकी ज्यांना पुरायचं, त्यांना मागची मुरमाड जमीन मिळाली. नाव नाही, आकडा नाही. फाटकातून आत शिरलं की दगडी काठ घातलेल्या पंधरा-वीस कबरी दिसत. त्यांच्या मागे बाभळीचं रान आणि त्यात काही बुटके उंचवटे. त्यांच्यावर शेळ्या चढत. मला ते मुरमाचे ढीग वाटले. भूगोलाच्या बाईंनी ढीग म्हटलं की तो ढीग.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे सासरे त्या इस्पितळात कारकून होते. ते वारल्यावर माळा आवरताना तिला एक फाटकी वही सापडली. ती तिनं रद्दीत न घालता मला आणून दिली. दफनाची वही होती ती. इंग्रजीत, एकाच हातानं लिहिलेली. नाव, बापाचं नाव, गाव, धंदा, आजार, आणि शेवटच्या रकान्यात, फाटकापासून कितवी कबर. बरीचशी पानं वाळवीनं खाल्ली होती. जी नावं शिल्लक होती त्यात कोणी पेशावरकडचा, कोणी मद्रासकडचा, कोणी कुठल्या तरी डोंगरातला. या सगळ्यांची घरं शोधून काढायची असा निश्चय मी त्या संध्याकाळी केला, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं सगळ्यात जवळचं नाव निवडलं. सटाण्याजवळच्या एका खेड्यातला पिंजारी, म्हणजे कापूस पिंजून गाद्या भरणारा. मृत्यू विषमज्वरानं. फाटकापासून सातवी. पेशावरला एसटी जात नव्हती.

मी फाटकात उभी राहिले, मोठ्यानं मोजलं आणि सातव्या कबरीशी थांबले. ऐसपैस, घडीव दगडाचा काठ असलेली कबर होती. मला ती आवडली. टेपनं लांबी मोजली, रुंदी मोजली, वहीत टिपली. घरी येऊन यजमानांना सगळं सांगितलं. ते वरण-भात कालवत म्हणाले, "फाटक तेव्हाही तिथंच होतं का?" मी म्हटलं, "तुम्ही तुमचा बॉयलर सांभाळा." त्यांनी सांभाळला. पुढे कितीतरी वर्षं त्या कबरीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. तो त्यांचा चांगुलपणा होता की सूड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सटाण्याला उतरले आणि पुढे जीपमध्ये कांद्याच्या गोण्यांवर बसून त्या खेड्यात गेले. पिंजाऱ्यांची चारच घरं होती. पहिल्याच ओट्यावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, इथला कोणी युद्धात गेला होता का. तो हसला. गेला ना, म्हणाला, मुंबईला गेला, दुसरी केली त्यानं. बाजूच्या दोघी बायकाही हसल्या. ती गोष्ट अख्ख्या गावाला पाठ होती आणि पन्नास वर्षांत तिची चव गेली नव्हती.

ज्याची गोष्ट त्याची बायको पुतण्याच्या घरी राहायची. पुतण्या पन्नाशीचा, बापजाद्यांचंच काम करणारा. मागच्या पडवीत ती कापूस निवडत बसली होती. सत्तरीची, हाडकुळी, स्वच्छ. डाव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि उजवा मनगटापासून रिकामा.

तिची हकिकत तिनं कापसावरची नजर न काढता सांगितली. लग्नानंतर चौथ्या महिन्यात नवरा भरती झाला. घेतलं शिपाई म्हणून, पण पिंजारी आहे कळल्यावर साहेबानं त्याला बंदूक काही दिली नाही, इस्पितळाच्या गाद्या भरायला बसवलं. असं एक पत्र आलं होतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. मग पत्र नाही, कागद नाही, माणूस नाही. सरकारला कळवायची आठवण राहिली नसावी. युद्ध चालू होतं, आणि एक पिंजारी मेल्यानं कुठली आघाडी खचणार होती. वर्षभर वाट बघून सासऱ्यानं जाहीर केलं की पोरगा मुंबईला पळाला, तिथं त्यानं घर केलं. बायको नीट असती तर पळाला नसता, हे सासूनं जोडलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्यापुढची सगळी वर्षं ती त्या घरात टाकलेली बाई म्हणून राबली. दुसरं लग्न करावं तर नवरा जिवंत. बांगड्या उतरवाव्यात तरी नवरा जिवंत. आणि मनात तर रोज वाटायचं, तो मेलाय. म्हणून तिनं एका हातात ठेवल्या, एका हातातल्या काढल्या. हा तोडगा तिचा तिनंच काढला होता.

मी वही उघडून तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं, त्याच्या बापाचं वाचलं, आजार सांगितला. तिचं बोलणं बागलाणी वळणाचं, 'आहे'ला 'शे' म्हणायची. तिनं विचारलं, "म्हणजे तो पळेल नव्हता?"

नव्हता, मी म्हटलं.

"नाशिकमाच शे?"

नाशिकमध्येच, देवळाली कॅम्पाच्या रस्त्याला. मग तिनं सांगितलं की ती नाशिकला दोनदा येऊन गेली होती, एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला, आणि त्याच रस्त्यानं.

तिला दोन गोष्टी हव्या होत्या. तो पळाला नव्हता हे गावानं ऐकावं, ही एक. आणि एकदा त्याच्या उशाशी बसून फातिहा म्हणावी, ही दुसरी. "उशाशी बसू द्या मला," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "पायथ्याशी नको." मी म्हटलं, मावशी, तुम्ही म्हणाल तिथं बसा. म्हाताऱ्या माणसाचं आपलं काहीतरी असतं, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात पाटीवरचा मजकूर जुळवत होते.

महिन्याभरात मी समारंभ उभा केला. संगमरवरी पाटी करून घेतली, नाव मराठीत आणि उर्दूत. वर्तमानपत्राचा वार्ताहर बोलावला, फोटोवाला बोलावला, एक नगरसेवक, आणि ज्यांनी हे बघून जळावं अशी माझी इच्छा होती त्या तीन मैत्रिणी. मी नवी विटकरी नारायणपेठी नेसले होते. फोटो काळा-पांढरा येणार हे ठाऊक असूनही रंगासाठी मी दोन दुकानं पालथी घातली होती. कबरीवर वाहायला झेंडूचे हार नेले होते आणि एक नारळ. नारळ कबरीवर फोडतात की नुसता ठेवतात, या चिंतेत मी असतानाच ती पुतण्याबरोबर पोचली. तिच्या पिशवीत गुलाबाच्या पाकळ्या होत्या आणि उदबत्त्या. माझा नारळ तिनं पाटीमागे सरकवला.

मग ती कबरीकडे बघत उभी राहिली. एका टोकाला गेली, तिथून दुसऱ्या टोकाला. वाकून बघितलं, पुन्हा परत फिरली. त्या कबरीला तिनं पुऱ्या दोन फेऱ्या घातल्या. मला भरून आलं. मी वार्ताहराच्या कानाशी लागले आणि म्हटलं, बघा, प्रदक्षिणा घालतेय. त्यानं ते लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं, वीर पतीच्या समाधीला मुस्लिम वृद्धेची प्रदक्षिणा. खाली दोन धर्मांच्या ऐक्यावर सहा ओळी होत्या. त्या मीच त्याला तोंडी सांगितल्या होत्या.

दुसरी फेरी झाल्यावर ती माझ्याकडे आली. नगरसेवकांचं बोलणं संपत आलं होतं, पुढची पाळी माझी. तिनं मागून माझा पदर धरला, ओढला, आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, जरा..." नव्या साडीचा पदर, खांद्यावर चुण्या करून पिन लावलेला. मी तो तिच्या मुठीतून सोडवून घेतला.

"थांबा मावशी," मी म्हटलं, "आधी फोटो होऊ द्या."

आणि तिला दोन्ही खांद्यांना धरून पाटीशेजारी उभी केली, उजेड तोंडावर येईल अशी.

फोटो झाला. भाषण झालं, माझं, वीस मिनिटं. त्यात मी विस्मरण या विषयावर बोलले. मग ती एकटीच बाभळीकडे निघाली. मला वाटलं, आडोशाला जायचं असेल. पदर ओढून कानात सांगायचं होतं ते हेच. मी मोठ्या समजूतदारपणे पुरुषांना दुसरीकडे वळवलं. ती बऱ्याच वेळानं आली. डाव्या हातातल्या बांगड्या नव्हत्या. हात धुवायला काढून ठेवल्या असतील, म्हटलं. तिकडे पाणी नव्हतं, हे मला सुचलं नाही.

त्या बातमीनं माझं नाव झालं. भाजीबाजारात बायका थांबवून विचारू लागल्या. ते आवार ज्या कचेरीच्या ताब्यात होतं तिनंही मला पत्र धाडलं. कबरींना भिंत घालायची आहे, आपण जाणकार आहात, नकाशा द्यावा. जाणकार हा शब्द मी यजमानांना दोनदा वाचून दाखवला. चार दिवस खपून नकाशा काढला. पुढच्या कबरींना क्रमांक दिले आणि बाभळीच्या पट्ट्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, रिकामी जागा. खाली सही, तारीख.

दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी ती आली. मीच बोलावलं होतं. मूठभर पाकळ्या पाटीवर टाकल्या आणि बाभळीकडे गेली. तिला एसटीत बसवून मी परत फिरले तर पिशवीतले बहुतेक गुलाब त्या मुरमाच्या ढिगांवर पसरलेले. वाऱ्यानं उडाले असं समजून मी पदर खोचला आणि एकेक पाकळी वेचून आणून पाटीवर ठेवली. काटे टोचले, कंबर धरली. त्या दिवशी मला माझी जितकी माया वाटली तितकी नंतर कुणाचीच वाटली नाही.

तिसऱ्या वर्षी भिंत झाली होती, चांगली छातीइतकी. पुढच्या कबरी आत, आणि पलीकडचा पट्टा, बाभळी, ढीग, सगळं यंत्र लावून सपाट. तिथं मालट्रक उभे राहायचे. ती भिंतीशी गेली आणि वर हात ठेवून पलीकडे बघत राहिली. एक ड्रायव्हर टपावर बसून दात घासत होता. मी म्हटलं, आता शेळ्यांचा त्रास नाही बघा, मावशी. ती हो म्हणाली. त्या वर्षी सगळ्या पाकळ्या तिनं परत नेल्या.

चौथ्या वर्षी ती आली नाही. मी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. मला थोडा रागच आला. एवढं केलं आपण, असं वाटलं.

दोन हजार साल उलटल्यावर पाटीला तडा गेला. तो बुजवायला मी जुन्या नाशकातला एक गवंडी आणला. त्याची हयात कबरस्तानातली कामं करण्यात गेली होती. त्यानं पाटीवरचं उर्दू नाव वाचलं, कबर बघितली, मान वर करून सूर्य कुठं आहे ते बघितलं, आणि मग तंबाखू थुंकून म्हणाला, "बाई, हा माणूस मुसलमान ना? मग असा पूर्व-पश्चिम का निजवला? आमच्यात डोकं उत्तरेला असतं, तोंड पश्चिमेला. हा कुणीतरी ख्रिस्ती दिसतो."

सव्वीस वर्षं मी मुलींना उगवत्या सूर्याकडे तोंड करून मैदानात उभं केलं होतं. समोर पूर्व, डाव्या हाताला उत्तर. मी त्या कबरीच्या टोकाशी तशीच उभी राहिले, दोन्ही हात पसरून, गवंड्यादेखत. कबर माझ्या पायांपासून सरळ पुढे, पूर्वेला गेली होती. हिची लांबी मी मोजली होती, रुंदी मोजली होती. मावशी बिचारी त्या दिवशी उसं शोधत होती. उत्तरेकडचं उसं त्या कबरीला नव्हतंच, आणि ते शोधत ती दोन फेऱ्या फिरली, आणि मी प्रदक्षिणा छापून आणली.

शेजारच्या कोबीच्या मळ्यातल्या म्हाताऱ्याला विचारलं. त्यानं सहज सांगितलं की पुढचा रस्ता झाल्यावर फाटक इकडे आणलं. इस्पितळ होतं तेव्हा ते मागच्या अंगाला, विहिरीपाशी होतं. मी भिंतीवरून वाकले आणि विहिरीकडून नजरेनंच, अंदाजानं मोजत आले. सातव्या जागी ट्रकचं मागचं चाक होतं.

घरी येऊन यजमानांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वर केलं.

यानंतर मी काय केलं ते कोणी विचारत नाही, तरी सांगते. तडा बुजवून घेतला आणि पाटी तिथंच ठेवली. कचेरीला पत्र लिहायला बसले आणि चार ओळींवर फाडलं. सपाट केलेल्या जमिनीत आता काय सापडणार, हे कारण मी स्वतःला दिलं. चांगलं कारण होतं. खरं कारण असं, की नकाशाखाली माझी सही होती. त्या ख्रिस्ती शिपायाचा विचार तर मी फार उशिरा केला. त्याला नाव नव्हतं, मी दुसऱ्याचं चिकटवलं. त्याचं कोणी शोधत आलंच, तर पाटी वाचून परत जाईल.

दोन वर्षं अशी काढली. मग एकदा सटाण्याची एसटी धरली.

पुतण्याच्या घरी आता पिंजायचं यंत्र आलं होतं, बाहेरपर्यंत कापूस उडत होता. आतल्या भिंतीवर ते कात्रण काचेत लावलेलं, पिवळं पडलेलं. त्यात मी मध्यभागी आहे, ती कडेला. पुतण्या म्हणाला की त्या फोटोनंतर काका पळाला असं गावात कोणी म्हणत नाही, आणि पहिल्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं तर मरायच्या आधी येऊन तिची माफी मागितली. म्हणजे तिची एक गोष्ट तरी मी दिली होती. हे ऐकून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

ती खाटेवर बसली होती. डोळे जवळजवळ गेलेले. दोन्ही हात रिकामे. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. कुठल्या फाटकापासून मोजलं ते, दिशा, नकाशा, भिंत, वेचून परत आणलेल्या पाकळ्यासुद्धा. मावशी, मी चुकले, असं म्हटलं. तिनं मधे अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं की तिथं ट्रक अजून उभे राहतात का. मी हो म्हटलं. भरलेले असतात की रिकामे? बहुतेक भरलेले, मी म्हटलं, कांद्याचे. तिनं मान हलवली.

मग ती म्हणाली की ती कबर त्याची नव्हे, हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. त्याच्यासारखे सगळे मागे बाभळीत, उत्तरेला डोकं करून निजले होते, तेही तिनं तिथूनच ओळखलं होतं. त्यातला तो कुठला, एवढंच तिला कळलं नाही.

तेवढ्यातही माझ्यातली मास्तरीण जागी झाली. चूक दुसऱ्याच्या वहीत सापडली की मला आयुष्यभर बरं वाटत आलेलं आहे. मी विचारलं, "मग त्याच दिवशी सांगितलं का नाही?"

तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. चाचपत माझा पदर शोधला आणि दोन बोटांत धरला.

"सांगालेच तुमचा पदर ओढला होता ना, बाई. तुम्ही म्हणाल्या, आधी फोटो होऊ द्या."